ना जवळची, ना लांबची

जुन्या लेन्सच्या बाजारात १३५ मिलिमीटरला (हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं) फारसं कुणी विचारत नाही. ५० मिलिमीटरची एफ १.४ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड आत जास्त) दिसली की लोक तुटून पडतात, ८५ चे भाव केव्हाच हाताबाहेर गेलेत, ३०० च्या पुढच्या लेन्सवर पक्षीवाल्यांचा डोळा असतो. मधल्या मध्ये १३५ पडून राहते. मागच्या फळीवर, चामड्याच्या उभट डब्यात, आत लाल मखमल, झाकणाचा पट्टा कडक झालेला. डबा उघडला की बऱ्याचदा लेन्स अशी निघते, जणू गेल्या चाळीस वर्षांत तिला कुणी हातच लावला नसावा. आणि खरोखरच लावलेला नसतो.

त्याचं कारण साधं आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत ज्यानं एसएलआर, म्हणजे आरशाच्या मदतीनं लेन्समधूनच बघायचा, कॅमेरा घेतला त्याला सोबत ५० मिलिमीटरची लेन्स मिळायची. हौस वाढली की दुसरी लेन्स घ्यायची, आणि ती दुसरी म्हणजे जवळजवळ ठरूनच गेलेली १३५. जगभरच्या हौशी वडीलमंडळींनी ती घेतली, एखाद्या सहलीला लावली, मुलाच्या वाढदिवसाला घरात लावून बघितली. भिंतीला पाठ टेकली तरी चौकटीत मुलाचं तोंड आणि केकचा कोपरा, एवढंच मावतंय म्हटल्यावर ती परत मखमलीत जाऊन झोपली.

पण मुळात १३५ च का? १०० नाही, १५० नाही? हा आकडा एसएलआरच्या आधीपासूनचा आहे. लायका, कॉन्टॅक्स यांसारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत लेन्समधून बघता येत नाही. शेजारच्या खिडकीतून बघायचं आणि दोन प्रतिमा एकमेकींवर आणून अंतर जुळवायचं. लेन्स जितकी लांब, तितकी या जुळवणीतली बारीकशी चूकही मोठी होऊन फोटोत उतरते. साधारण १३५ पर्यंत हे यंत्र इमानानं साथ देतं, पुढे हात टेकतं. १९५४ च्या लायका एम३ च्या खिडकीत ५०, ९० आणि १३५ अशा तीन चौकटी होत्या, त्यातली १३५ ची मधोमध इवलीशी. पुढे आरसावाले कॅमेरे रुळले, लेन्समधून थेट बघता येऊ लागलं, वाटेल तेवढी लांब लेन्स लावायची मोकळीक मिळाली. तरी कारखान्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या डोक्यात आकडा बसला तो बसलाच. मग ७०-२१० सारख्या झूम लेन्स आल्या आणि एका नळीत सगळं मिळायला लागल्यावर १३५ निकालात निघाली.

म्हणजे भरपूर बनलेली, फार न वापरलेली, आणि नेमकी कशासाठी लागते ते कुणालाच धड सांगता न येणारी. स्वस्त व्हायला आणखी काय लागतं? काच वाईट म्हणून ती स्वस्त नाही, एवढं मात्र आधीच सांगून टाकते. नवी ऑटोफोकसवाली १३५ घ्यायची तर बऱ्याचदा लाखाच्या वर मोजावे लागतात. माझ्याकडच्या तिन्ही जुन्या १३५ मिळून त्या रकमेचा जीएसटीसुद्धा भरून निघणार नाही.

या तिघींपैकी दोघी एकाच घराण्यातल्या. लुडविग बर्टेले या जर्मन माणसानं १९३० च्या आगेमागे 'सोन्नार' नावाची रचना बसवली. तेव्हा लेन्सवर कोटिंग, म्हणजे उजेड मागे फिरू न देणारा पातळ थर, नसायचं. काच आणि हवा जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावर चारेक टक्के उजेड मागे फिरतो, आणि तो आतल्या आत भटकून फोटो पांढुरका करतो. बर्टेलेनं भिंगं एकमेकांना चिकटवून जाड गठ्ठे केले आणि हवेचे सांधे कमी केले. माझ्या सोन्नारमध्ये, म्हणजे जर्मनीतल्या येना शहराच्या झाइस कंपनीच्या १३५ एफ ३.५ मध्ये, चार भिंगं तीन गटांत बसवलेली आहेत, एवढंच. आजच्या लेन्समध्ये दहा-पंधरा भिंगं सर्रास असतात, त्यापुढे हे म्हणजे अगदीच सुटसुटीत काम. पण या चार भिंगांतून एफ ५.६ ला जो फोटो निघतो त्यात सुती साडीचं विणकाम मोजता येतं.

माझ्या लेन्सच्या कपाळावर 'सोन्नार' असं पूर्ण नाव नाही, नुसतं 'एस' आहे, आणि सोबत 'आउस येना', म्हणजे येनाहून. १९४५ मध्ये येना शहर आधी अमेरिकन फौजांच्या ताब्यात आलं. ते रशियनांना सोपवायचं ठरलेलं होतं. निघताना अमेरिकनांनी ऐंशीच्या वर झाइसचे तज्ज्ञ आपल्याबरोबर पश्चिमेला नेले, आणि त्यातून पुढे पश्चिम जर्मनीत ओबरकोखेनला दुसरं झाइस उभं राहिलं. मग नावावरून दोन्ही झाइसांचं वर्षानुवर्षं भांडण. ज्या देशांत पूर्वेकडचा दावा चालला नाही, तिथे जाणाऱ्या मालावर येनावाल्यांनी पूर्ण नाव न घालता आद्याक्षर घातलं. भाऊबंदकीत घराच्या पाटीवरून आडनाव गेलं, अशातला प्रकार. रशियनांनी येनाची यंत्रं, आराखडे, काच असं बरंच काही नेलं आणि त्यातून युपिटर लेन्स निघाल्या. माझी युपिटर-११, १३५ एफ ४, ही युद्धापूर्वीच्या सोन्नारवरून बेतलेली. चांदीसारखी पांढरी, जड, आणि फिरवताना हाताला ग्रीसचा वास लागतो तो घरी येऊन साबणानं धुतला तरी जात नाही.

जपान्यांनीही हीच रचना उचलली. निकॉनच्या 'निक्कॉर-क्यू' १३५ एफ ३.५ मधला 'क्यू' म्हणजे चार भिंगं. पाच असली की 'पी', सहा असली की 'एच'. भिंगांची संख्या नावातच सांगून टाकायची ही पद्धत मला फार आवडते. पुढे त्यांनी ती सोडून दिली.

तिसरी माझी सुपर-ताकुमार, पेंटॅक्सवाल्या आसाही कंपनीची. कंपनीचे संस्थापक कुमाओ काजिवारा यांचे भाऊ ताकुमा अमेरिकेत फोटोग्राफर आणि चित्रकार होते, त्यांचं नाव लेन्सला दिलेलं आहे. तिघींत काच म्हणून सोन्नार सरस, यात वाद नाही. पण हात जातो तो ताकुमारकडे. तिची फोकसची रिंग फिरवून बघा. साठ वर्षांपूर्वीचं यंत्रकाम आहे, आणि रिंग ना कुठे अडत, ना कुठे सैल पडत. नव्या लेन्सच्या रिंगा बऱ्याचदा विजेच्या इशाऱ्यावर चालतात, म्हणजे आपण नुसती सूचना देतो आणि आतली मोटर काम करते. इथे आपलं बोट आणि काच यांच्यामध्ये फक्त धातूचे आटे आहेत. रिंगचा प्रवास लांब असतो, अर्ध्या चकरेहून जास्त. त्यामुळे फोकस सावकाश होतो हे खरं, पण नेमका कुठे हवा तिथे थांबतो.

या सगळ्या लेन्स एकेकाळी पोरक्या झाल्या होत्या. ४२ मिलिमीटर व्यासाचा आट्यांचा एम४२ माउंट (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसवायचा सांधा) १९४९ च्या कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्यापासून सुरू झाला आणि पेंटॅक्सनं १९७५ मध्ये तो सोडून के माउंट घेतला. कॅननचा एफडी माउंट १९७१ चा, १९८७ मध्ये वेगळ्या माउंटचे ईओएस कॅमेरे आले आणि एफडीच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्याला हळूहळू कॅमेराच उरला नाही. पूर्व जर्मनी १९९० मध्ये नकाशावरून गेली, सोव्हिएत संघ त्याच्या पुढच्या वर्षी. माउंट गेले, देश गेले, काच मागे राहिली.

तिला परत कामाला लावलं ते मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांनी. लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटला ठरलेलं असतं, कारण तेवढ्या अंतरावरच लांबचं चित्र स्वच्छ पडतं. एम४२ ला ते ४५.४६ मिलिमीटर आहे. मध्ये आरसा उघडझाप करायला जागा हवी म्हणून एवढं. आरसा काढून टाकल्यावर कॅमेरा पातळ झाला. सोनीच्या ई माउंटला हे अंतर जेमतेम १८. मग मधले साडेसत्तावीस मिलिमीटर भरून काढायला एक नळी लावायची, झालं. अॅडॉप्टर म्हणजे हीच नळी. तिच्या आत काचबिच काही नाही, हवा आहे. हजार रुपयांच्या आत मिळते. आरसावाल्या डिजिटल कॅमेऱ्यांवर हे सगळ्यांना जमत नव्हतं. निकॉनचं अंतर ४६.५, म्हणजे एम४२ पेक्षा जास्तच, त्यामुळे लेन्स लागायची पण लांबचा डोंगर कधीच फोकसमध्ये यायचा नाही. २००८ मध्ये पहिला मिररलेस आला आणि २०१३ मध्ये सोनीचा फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा, तेव्हा ही सगळी पोरकी मंडळी एकदम हक्कानं दारात उभी राहिली. शिवाय पडद्यावर मोठं करून बघता येतं आणि जिथे फोकस आहे त्या कडांवर रंगीत रेघा उमटतात. फिल्मच्या काळात काचेवरच्या अंधूक चित्रात डोळे ताणणाऱ्यांना ही चैन माहीत नव्हती. कॅमेऱ्याच्या मेन्यूत जाऊन १३५ हा आकडा मात्र आपणच भरायचा. जुनी लेन्स कॅमेऱ्याशी बोलत नाही, त्यामुळे हाताचा कंप सावरणाऱ्या आतल्या यंत्रणेला लेन्स किती लांब आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

आता मुद्द्याचं. १३५ नं उभा फोटो काढायचा आणि माणूस डोक्यापासून पायापर्यंत त्यात बसवायचा, तर साधारण सहा-साडेसहा मीटरवर उभं राहावं लागतं. नुसता चेहरा-खांदे हवे असतील तर अडीच मीटर. गणित साधं आहे, कुणीही मांडून बघावं. सहा मीटर म्हणजे पेठेतल्या गल्लीची रुंदी. मंडईत एका ओट्यावरून मधली वाट ओलांडून समोरचा ओटा. हाक मारली तर ऐकू जाते, पण कुजबुज जात नाही. समोरच्याला आपण दिसतो, आपल्या हातात काय आहे तेही दिसतं.

मला हे अंतर फार महत्त्वाचं वाटतं. ३५ मिलिमीटर घेऊन रस्त्यावर फिरणारे लोक समोरच्याच्या तोंडावर जातात. त्यातले काही ते सुंदर करतात, मला ते जमत नाही आणि करावंसंही वाटत नाही. उलट ६०० मिलिमीटर लावून गच्चीवरून माणसांचे फोटो काढणं म्हणजे सरळसरळ टेहळणी. ज्याचा फोटो निघतोय त्याला पत्ताच नाही. १३५ ला लपायची सोय नाही आणि घुसायचीही नाही. बाजारात जी तिची खोट मानली जाते, ना धड जवळ ना धड लांब, ती माणसांच्या बाबतीत मला तिची सगळ्यात मोठी बाजू वाटते. कॅमेरा डोळ्याला लावला की समोरच्याला दिसतं. त्याला नको असेल तर तो मान फिरवतो, हात हलवतो, शिवी देतो. हवं असेल तर तसाच कामात राहतो. मंडईतल्या एका भाजीवाल्या मावशींना मी पलीकडून खुणेनंच विचारलं, काढू का? त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं, "काढ की, पण आधी पालक घे." पालक घेतला. फोटोत त्या माझ्याकडे बघत नाहीयेत, जुडीची मुळं तोडतायत, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे, आणि ते माझ्यासाठी आहे हे मला माहीत आहे.

फोकसही या अंतरावर मजेशीर वागतो. तीन मीटरवर, एफ ३.५ ला, स्वच्छ दिसणारा पट्टा फक्त दहा सेंटीमीटरचा. डोळे स्वच्छ तर कानाची पाळी विरघळायला लागलेली. सहा मीटरवर गेलं की हाच पट्टा चाळीस सेंटीमीटरचा होतो, माणूस पूर्ण मावतो आणि मागची गर्दी मात्र सुटी होते.

आषाढात पालख्या पुण्यात येतात तेव्हा लांबच लांब लेन्स घेऊन दिवेघाटात जाणारे खूप. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाते ती या घाटातून. वरच्या वळणावर उभं राहून खाली बघितलं की रस्त्याचे वेढे एकावर एक रचलेले दिसतात, त्यात पांढऱ्या टोप्या, भगव्या पताका, डोक्यावरच्या तुळशी, आणि अजून खाली मस्तानी तलावाचं पाणी. तो प्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिलेला असणारच. लोक म्हणतात, टेलिफोटो लेन्स अंतरं दाबते, मागचं पुढं आणते. लेन्स बिचारी असलं काही करत नाही. खालचं वळण पाचशे मीटरवर आणि त्याच्या मागचं सहाशेवर असेल, तर त्या दोन्हींतल्या माणसांच्या आकारात फरक राहतोच किती? तुम्ही उभे आहात तिथूनच तो फरक कमी झालेला आहे. ५० ची लेन्स लावून मधला तुकडा कापून मोठा केला तरी वळणं तशीच एकमेकांवर चढलेली दिसतील, फक्त फोटो फुटेल. लेन्स एवढंच करते की आजूबाजूचं गाळून तो तुकडा उचलते. खरं काम केलंय ते तुमच्या पायांनी, वर चढून.

१३५ ची चौकट आडवी धरली तर पंधरा अंशांची असते. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. म्हणजे दीड मूठ. लेन्स पिशवीत असतानाही मी मूठ धरून बघत असते, काय येईल, काय जाईल. घाटात वारकरी मला बघून काय म्हणत असतील देव जाणे. एका आजोबांनी मात्र मूठ बघून तितक्याच उत्साहानं आपलीही मूठ वर केली आणि "माउली!" म्हणाले.

त्याच घाटात या लेन्सचे दोषही सगळे एका जागी भेटतात. अॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, पूर्ण उघडं असलं की पांढऱ्या टोप्यांच्या कडांना जांभळी झाक येते, काळ्या दगडासमोर तर जास्तच. भोक दोन पायऱ्या (स्टॉप) बंद केलं की बरीचशी जाते. सूर्य समोर आला की सगळ्या फोटोवर दुधाची साय धरल्यासारखं होतं, कारण कोटिंग जुनं. ताकुमारवर एकाच थराचं आहे, बहुथरी कोटिंग पेंटॅक्सनं १९७१ पासून आणलं. हूड लावायचा, नाहीतर हातानं सावली धरायची. कधीकधी मी मुद्दाम धरत नाही. पावसाळी सकाळी घाटात धुकं असतं, त्यात ही साय मिसळली की कुठलं धुकं हवेतलं आणि कुठलं काचेतलं ते मलाही सांगता येत नाही. संगणकावर कॉन्ट्रास्ट ओढून ते काढता येतं. मग जुनी लेन्स लावली कशाला?

पक्ष्यांसाठी १३५ घेऊ नका. अगदी स्पष्ट सांगते. वेताळ टेकडीवर वेडा राघू तारेवर बसलेला असतो, १३५ मधून तो तारेवरचा स्वल्पविराम दिसतो. चंद्राचंही तेच. फिल्मवर किंवा सेन्सरवर चंद्र किती मोठा पडेल हे काढायचं तर लेन्सच्या मिलिमीटरला साधारण ११० नं भागायचं. १३५ ला तो सव्वा मिलिमीटर येतो. छत्तीस मिलिमीटर रुंद सेन्सरवर मोहरीचा एक दाणा. ३०० ला पावणेतीन. कोजागरीला हौसेनं गच्चीवर जाणाऱ्यांनी हे गणित आधी करावं आणि चंद्राऐवजी दूध पिणाऱ्यांचे फोटो काढावेत.

लांबच हवी असेल तर जुन्यातही सोय आहे. २०० एफ ४ ताकुमार स्वस्तच मिळते, आणि वेड्या राघूसाठी ती पुरते, कारण तो पक्षी सवयीचा गुलाम आहे. उडतो, माशी पकडतो, परत त्याच फांदीवर येऊन बसतो. फांदीवर फोकस करून ठेवायचा आणि तो येईपर्यंत थांबायचं. ऑटोफोकस नसल्याची उणीव त्याला स्वतःलाच भासू द्यायची नसते बहुतेक. याउलट शिंजीर. शिंजीर जुन्या लेन्सच्या नादी लागणाऱ्यांना टेकडीवरून खाली पाठवण्यासाठीच जन्माला आला असावा.

आणि मग रशियन ताइर-३. ३०० मिलिमीटर एफ ४.५, वजन दीड किलोच्या वर. १९६० च्या दशकात रशियनांनी हीच लेन्स बंदुकीच्या दस्त्यावर बसवून 'फोटोस्नायपर' नावाचा अख्खा संच विकायला काढला. दस्ता खांद्याला टेकवायचा, डाव्या हाताखालच्या चाकानं फोकस करायचा आणि बोटानं घोडा ओढायचा. घोडा ओढला की आधी अॅपर्चर बंद होतं आणि मग शटर पडतं. डोकेबाज काम आहे, हात स्थिर राहतो, आणि संच धातूच्या पेटीत येतो. एका ओळखीच्या गृहस्थांकडे आहे, मी हाताळलाय. तो घेऊन पुण्याच्या रस्त्यावर फिरायचं धाडस मात्र त्यांनीही कधी केलं नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पोलिसांना लेन्सची रचना समजावून सांगेपर्यंत उजेड गेलेला असतो.

आपल्याकडे हा माल कुठून आला हीसुद्धा गंमतच आहे. १९९१ च्या आधी परदेशी कॅमेऱ्यावर आयातकर इतका असायचा की दुकानातून नवा घेणारे थोडेच. आखातातून आलेले मामा, बोटीवरचे काका, अमेरिकेहून सुट्टीवर आलेली आत्या यांच्या बॅगांतून हे सगळं देशात उतरलं. म्हणून मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात, चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जी लेन्स हाती लागते तिच्या डब्यात कधी कुवेतच्या दुकानाची पावती असते, कधी सिंगापूरच्या. त्या काकांनी ती दुसरी लेन्स का घेतली असेल याचा मी विचार करते. बोट बंदराला लागलेली, हातात पगार, दुकानदारानं सांगितलेलं, साहेब, यासोबत १३५ तर हवीच.

घेताना मोबाइलचा टॉर्च लावून आरपार बघायचं. समोरच्या काचेवर बारीक ओरखडा असेल तर घाबरू नये, फोटोत तो दिसत नाही. धूळही दिसत नाही. बघायची ती बुरशी. बारीक धाग्यांची जाळी काचेच्या कडेकडून आत सरकत येते. हवेतला दमटपणा साठ-सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की ती धरते, म्हणजे आपला पावसाळा आणि कोकणातलं अर्धं वर्ष. वरवरची असेल तर जाणकार माणूस उघडून पुसून देतो. पण बुरशीनं सोडलेल्या आम्लानं कोटिंग खाल्लं असेल तर ते नक्षीकाम कायमचं. दुसरं, अॅपर्चर उघडझाप करणाऱ्या पात्यांवरचं तेल. जुनं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं आणि त्या चिकटतात. मिररलेसवर आपण अॅपर्चर हातानंच फिरवतो, त्यामुळे पात्या जरा आळशी असल्या तरी चालून जातं, आणि तेवढ्यावर भाव पाडून घेता येतो. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र, एवढ्यावर माझं भागतं. चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये काटा असला की झालं. फार कोरडं करायला जाऊ नये, आतलं ग्रीस सुकतं. चामड्याचा डबा आणि लाल मखमल दिसायला कितीही देखणी असली तरी लेन्स त्यात ठेवायची नाही. दमट धरून ठेवायला त्याच्याइतकी सोयीची जागा नाही.

सध्या माझा जीव त्या तिघींनंतर आलेल्या चौथीवर, मायर-ऑप्टिकच्या ओरेस्टॉरवर आहे. पूर्व जर्मनीतल्या गोर्लिट्झची, १३५ एफ २.८, आणि आत पंधरा पात्या. आजच्या लेन्समध्ये नऊ असल्या तरी कौतुक होतं, त्या काळच्या बऱ्याच लेन्समध्ये सहा असत आणि मागचे दिवे षटकोनी व्हायचे. पंधरा पात्यांचं भोक कितीही बंद केलं तरी गोल राहतं. दिवाळीत एफ ५.६ ला फोटो काढला तरी मागचे आकाशकंदील गोलच येणार. अशा लेन्सवर अॅपर्चरच्या दोन रिंगा असतात. एकीवर आकडा ठरवून ठेवायचा, दुसरीनं उघडून फोकस करायचा आणि न बघता त्या आकड्यापर्यंत बंद करायचं. रशियनांच्या ताइर-११ मध्ये तर वीस पात्या आहेत. वीस! कुणीतरी बसून त्या एकेक बसवल्या असतील.

ओरेस्टॉर मिळाली ती जुन्या बाजारात, एका प्राक्टिका कॅमेऱ्याला घट्ट बसलेली. कॅमेरा मेलेला, शटर अर्ध्यात अडकलेलं. लेन्स टॉर्चसमोर स्वच्छ, पात्या कोरड्या. दुकानवाल्या काकांनी चार हजार सांगितले. मी म्हटलं, कॅमेरा तुम्हीच ठेवा आणि दोनशे कमी करा. काका काही बोलले नाहीत. टोपलीत हात घालून त्यांनी आणखी एक चामड्याचा डबा काढला आणि माझ्या पिशवीत टाकला. "दोनशे कमी नाही होणार, ताई. ही घ्या वर." उघडून बघितलं. १३५.